‘एकशेवीस’ म्हणून माथी मारलेला साठ हर्ट्झचा टीव्ही

बिल एकूण 63,989 रुपयांचं. 55 इंची टीव्ही 57,990, ‘120 हर्ट्झची एचडीएमआय केबल’ 2,499 आणि ‘सिनेमा कॅलिब्रेशन’ 3,500. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणारा, टीव्ही दुकानात त्याच भिंतीवर 41,990 ला लावलेला होता. म्हणजे 21,999 रुपये निव्वळ ‘120’ या आकड्यापायी मोजले, आणि घरी आलेलं पॅनेल, म्हणजे टीव्हीचा पडदा, निघालं साठचंच.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा धंदा एकाच दुकानाचा नाही. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात कुडाळ-कणकवलीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. चाकरमानी गावात उतरायच्या आत टीव्ही भिंतीवर लागायला हवा, अशी प्रत्येकाला घाई असते, आणि त्याच घाईवर हा माल खपतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून मी पोट भरतो. फ्रेमरेट हा माझा रोजचा विषय, म्हणून हे लिहिताना लाज जास्त वाटते.

मुळात 120 कशासाठी हवं होतं ते सांगतो, नाहीतर ‘हौस नडली’ म्हणून मोकळे व्हाल. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे 24 स्थिर चित्रांचा असतो. साठ हर्ट्झच्या पॅनेलवर 60 ला 24 ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून टीव्ही एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवतो. एक फ्रेम 50 मिलिसेकंद टिकते, दुसरी 33. कॅमेरा सावकाश आडवा फिरला की माडांची रांग सरकत नाही, अडखळत जाते. शेवटी वर सरकणारी नावं पाहा, तिथे हा हिसका सगळ्यात आधी पकडता येतो. 120 च्या पॅनेलवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दिसते, सगळ्या सारख्याच, 41.7 मिलिसेकंद. या एका कारणासाठी जास्तीचे पैसे द्यायची तयारी होती. ही हौस नव्हे, गरज होती.

दुकानात जे चालू होतं ते वेगळंच. पडद्याचे दोन भाग, डावीकडे अडखळणारं चित्र, उजवीकडे लोण्यासारखं मऊ. त्या मऊपणाचा पॅनेलच्या वेगाशी काही संबंध नाही. ते मोशन स्मूदिंग, मेनूत बहुधा ‘एमईएमसी’ या नावाने असतं. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये काय असेल याचा प्रोसेसर अंदाज बांधतो आणि स्वतः तयार केलेल्या फ्रेम घुसवतो. हे साठच्या पॅनेलवरही होतं. क्रिकेटला चालून जातं, पण सिनेमाचं त्याने मातेरं होतं. खिडकीच्या गजांमागून माणूस चालत गेला की गज वितळल्यासारखे हलतात, कारण माणसाआड गेलेला गज कुठे होता हे प्रोसेसरला ठाऊक नसतं. हलत्या हाताभोवती धुरकट कडा येते. सिनेमासाठी लाखो रुपये खर्चून उभारलेला सेट दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. टॉम क्रूझने डिसेंबर 2018 मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं, ते याचसाठी.

आता तो क्षण. खोक्यावर ठळक अक्षरात ‘मोशन रेट 120’ छापलेलं होतं. मी ते वाचलं. नुसतं वाचलं नाही, त्यावर बोट ठेवून विचारलं, “हर्ट्झ कुठे लिहिलंय?” उत्तर आलं, “दादानू, ह्यो एकशेवीसच आसा, डोळे झाकून घेवा.” तिथेच पाय मागे घ्यायला हवा होता. मोशन रेट हा कंपनीने स्वतः ठरवलेला आकडा असतो, त्यात स्मूदिंग वगैरे सगळं मिसळून पॅनेलच्या वेगाची दुप्पट-तिप्पट करून छापतात. हर्ट्झ हे मोजमाप, ‘रेट’ ही जाहिरात. मला हे माहीत होतं. माझ्या मागे चार गिऱ्हाईकं उभी होती, विक्रेत्याने कंपनीचं पान फोनवर उघडून ‘120’ दाखवलं आणि पान खाली सरकवू दिलं नाही. खाली ‘रिफ्रेश रेट 60 हर्ट्झ’ लिहिलेलं आहे, हे घरी येऊन वाचलं. फोन हातात घ्या आणि पान स्वतः शेवटपर्यंत वाचा. आपला पेन ड्राइव्ह न्या, त्यात सावकाश आडव्या शॉटचा 24 फ्रेमचा एक तुकडा ठेवा. ‘डेमोत दुसरी फाइल चालत नाही’ असं ऐकलंत तर दुकानाबाहेर पडा. मला तेच ऐकवलं होतं.

घरी खात्री कशी केली ते लिहितो, कुणालाही जमेल. स्मूदिंग सर्वांत वरच्या पातळीवर ठेवायचं, सिनेमा लावायचा, आणि फोनच्या, सेकंदाला खरे 240 फ्रेम देणाऱ्या, स्लो मोशनमध्ये पडदा चित्रित करायचा. मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे न्यायचा. पडद्यावरचं चित्र फोनच्या दर चौथ्या फ्रेमला बदललं तर पॅनेल साठचं, दर दुसऱ्या फ्रेमला बदललं तर एकशेवीसचं. माझ्याकडे दर वेळी चार. तीन वेगवेगळ्या दृश्यांवर मोजलं, चारच.

हे दाखवल्यावर दुकानदाराने लॅपटॉप जोडला आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 1080 ओळींच्या रिझोल्यूशनवर ‘120 हर्ट्झ’ निवडून दाखवलं. हीसुद्धा पळवाट आहे, तिला डीएलजी (ड्युअल लाइन गेट) म्हणतात. पॅनेल दोन-दोन ओळी एकदम रंगवतं, म्हणून वेग दुप्पट होतो आणि 2160 आडव्या ओळींच्या 1080 च उरतात. ते गेमसाठी असतं. लॅपटॉप 4के वर, म्हणजे पूर्ण 2160 ओळींवर ठेवा आणि मग हर्ट्झची यादी बघा. तिथे साठच्या वर आकडा नव्हता.

2,499 ची केबल तर सरळसरळ लुबाडणूक. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर सिनेमा बघताना केबल लागतच नाही. या टीव्हीचे पोर्ट एचडीएमआय 2.0 चे, सेकंदाला 18 गिगाबिट माहिती घेणारे, त्यांना 48 गिगाबिटची केबल जोडून काही वाढत नाही. आणि तीही खरी नव्हती, प्रमाणित अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या पाकिटावर क्यूआर कोडचं लेबल असतं, इथे नव्हतं.

कॅलिब्रेशन म्हणजे टीव्हीचे रंग-उजेड जुळवून देणं. ते करायला आलेल्याने रिमोटने दहा मिनिटांत ‘व्हिव्हिड’ लावलं आणि स्मूदिंग पूर्ण चढवलं. 3,500! हे काम घरी फुकट होतं. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’, कलर टेम्परेचर ‘वॉर्म’, शार्पनेस जवळपास शून्यावर, एनर्जी सेव्हिंग बंद. स्मूदिंगचं बटण सोनीत ‘मोशनफ्लो’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावाने सापडेल, ते बंद करा. फायर स्टिक वापरत असाल तर तिच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ सुरू करा, नाहीतर ती 24 चा सिनेमाही 60 मध्येच पाठवत राहते.

मग सुरू झाले हेलपाटे. कंपनीच्या ग्राहक सेवेला नऊ फोन केले, दर वेळी नवा तक्रार क्रमांक. शेवटी मेल आला: ‘मोशन रेट हे आमचे तांत्रिक परिमाण आहे.’ मग तंत्रज्ञ आला आणि टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरवर बोट ठेवून म्हणाला, “हे बघा, 50/60 हर्ट्झ लिहिलंय, कंपनीने लपवलं कुठे?” अरे, ते 220 व्होल्टच्या शेजारी लिहिलंय, ती घरात येणाऱ्या विजेची वारंवारता! पॅनेल दुरुस्त करायला पाठवलेल्या माणसाला एवढं कळत नाही. पोलिसांनी ‘हा दिवाणी मामला’ म्हणून बाहेरूनच परत पाठवलं, अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. ज्या सरकारी कार्यालयात जा म्हणाले तिथे एसटीने दोनदा गेलो. एकदा साहेब मीटिंगला, एकदा रजेवर. टेबलावरच्या बाईंनी कागद उलटसुलट करून विचारलं, “पण टीव्ही चालतोय ना?” चालतोय, बाई. साठवर चालतोय, पैसे एकशेवीसचे घेतलेत. “बिलावर कुठे लिहिलंय 120?” नाही लिहिलेलं. बिलावर फक्त ‘55 एलईडी टीव्ही’, मॉडेल नंबरसुद्धा नाही. जो तो या एका ओळीआड लपला. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि ‘पॅनेल 120 हर्ट्झ’ हे शब्द लिहून घेतल्याशिवाय यूपीआयचा पिन दाबू नका.

माझ्याकडे वाचलंय ते एवढंच: विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं कोटेशन, त्यात ‘120Hz 57,990’ स्पष्ट आहे. खोकं अजून माळ्यावर आहे, फेकलेलं नाही. स्लो मोशनचे तिन्ही व्हिडिओ तारखेसकट ठेवलेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. माझ्या बिलाला आठ महिने झालेत. मागणी 21,999 रुपयांची आणि हेलपाट्यांच्या खर्चाची आहे. अर्ज लिहून तयार आहे, या आठवड्यात दाखल करतोय.