प्रॅक्टिकलचे आकडे आणि थर्मोची गणिते: एक्सेल की पायथन?

भौतिक रसायनाच्या प्रॅक्टिकलचे आकडे हाती आले की ते एक्सेलमध्ये घालायचे की पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, हा प्रश्न पडतोच. मी दोन्ही भरपूर वापरले आहेत. सरळ रेषा बसवणे, चढ काढणे, आलेख नीट दिसेल असा करणे हे दोन्हीकडे होते, त्यामुळे त्या तपशिलात शिरत नाही.

एक्सेलची जमेची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर मोठी आहे. आकडे सतत नजरेसमोर असतात. कॅलरीमीटरच्या रीडिंगमध्ये २४.६ च्या जागी २६.४ पडले, तर ते लगेच डोळ्यांत खुपते. पायथनच्या ॲरेत (आकड्यांच्या यादीत) तेच बिनबोभाट खपून जाते. समतोलाच्या प्रश्नात त्रिघाती समीकरण आले तर गोल सीक (हवे ते उत्तर येईपर्यंत किंमत बदलत जाणारी एक्सेलची सोय) लावले की काम झाले. (उत्तर दहाच्या उणे पाचव्या घाताच्या आसपास असेल तर मात्र सांभाळा, गोल सीक फार लवकर समाधान मानते.) टायट्रेशनची सरासरी काढायला पायथन उघडणे म्हणजे मुंगी मारायला तोफ आणण्यासारखे.

मग माझे एक्सेलशी का बिनसले? कारण तसे किरकोळ वाटेल. थर्मोची, म्हणजे उष्मागतिकीची, सगळी भाषा पी१, व्ही१, टी१, पी२, टी२ (दाब, आकारमान, तापमान) अशी चालते. एक्सेलमध्ये ही सगळी सेलची नावे आहेत. टी१ म्हणजे पहिले तापमान नव्हे, टी कॉलममधली पहिली सेल. बरे, सेलला आपल्या पसंतीचे नाव देण्याची सोय आहे म्हणून वायू स्थिरांकाला ‘आर’ म्हणायला जावे, तर तेही चालत नाही. आर आणि सी ही दोन अक्षरे एक्सेलने रो आणि कॉलमसाठी राखून ठेवली आहेत. अंडरस्कोरचे शेपूट जोडून वाट काढता येते, मान्य. पण बाष्पदाब आणि तापमान यांचे नाते सांगणारे क्लॉसियस-क्लॅपेरॉनचे साधे सूत्र शेवटी डॉलरची चिन्हे आणि बी२, सी७, ए६ यांच्या गर्दीत लपते ते लपतेच. आठवड्याने फाइल उघडली की प्रत्येक सेलवर क्लिक करून बघायचे: ही ए६ सेल्सिअसची की २७३.१५ मिळवल्यानंतरची, केल्विनची? पायथनमध्ये सूत्र पुस्तकात दिसते जवळपास तसेच लिहिता येते, आणि मला तरी चुका शोधण्यात याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

एक उदाहरण घेऊ. पाण्याचा बाष्पदाब २५ अंश सेल्सिअसला ३.१७ किलोपास्कल, ५० ला १२.३५ आणि १०० ला १०१.३ असतो. या टप्प्यातले आकडे घेऊन दाबाचा नैसर्गिक लॉग आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढला, की आर-स्क्वेअर (रेषा किती नीट बसली याचे माप, जास्तीत जास्त १) ०.९९९ च्या वर जातो. रेषा देखणी दिसते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. रेषेच्या चढावरून बाष्पीभवनाची एन्थाल्पी, म्हणजे एक मोल पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता, मिळते; टोकाचे दोन बिंदू धरले तर ती मोलला ४२.७ किलोज्यूल येते. आता हेच दोन तुकड्यांत करून बघा: २५ ते ५० मध्ये ४३.६, ५० ते १०० मध्ये ४२.२. म्हणजे रेषा सरळ नाही, किंचित वाकलेली आहे. रेसिड्युअल (प्रत्येक बिंदू आणि रेषा यांतला फरक) काढले की ती कमान स्पष्ट दिसते.

आणि ती कमान प्रयोगातली चूक नव्हे. द्रव पाण्याची मोलर उष्माधारकता सुमारे ७५ ज्यूल प्रति केल्विन, वाफेची सुमारे ३४. फरक ४१ चा. ७५ अंशांच्या टप्प्यात तो साधारण ३ किलोज्यूल होतो. कोष्टकातही २५ ला ४४.० आणि १०० ला ४०.७ असेच आकडे सापडतात. उष्माधारकतेतल्या फरकामुळे एन्थाल्पी तापमानाबरोबर बदलते असे सांगणारे किर्खहॉफचे समीकरण पाठ असते, पण ते आपल्याच आकड्यांत दिसते तेव्हा कुठे पटते.

एक्सेलमध्ये हे होत नाही असे नाही. रेषा बसवणारे लाइनेस्ट हे फंक्शन वापरले तर चढाची प्रमाण त्रुटीही मिळते. पण तुकडे पाडायचे म्हणजे पुन्हा कॉलम कॉपी करा, पुन्हा पत्ते तपासा, आणि एखाद्या सूत्राची रेंज जुनीच राहिली तर एक्सेल दर वेळी टोकेलच असे नाही. त्या कटकटीपायी माणूस ‘रेषा खरोखर सरळ आहे का?’ हा दुसरा प्रश्न विचारायचाच टाळतो. पायथनमध्ये सुरुवात-शेवटाचे दोन आकडे बदलले की झाले.

पायथनचेही नखरे आहेत. नोटबुकमधल्या सेल (इथे सेल म्हणजे कोडचे तुकडे) उलटसुलट क्रमाने चालवल्या की पुसून टाकलेली जुनी किंमत आत तशीच राहते. जर्नलमध्ये उत्तर उतरवण्याआधी सगळे रीस्टार्ट करून वरपासून चालवायची सवय हवी. अभिक्रियेचा वेग आणि तापमान यांचे आऱ्हेनियसचे सूत्र थेट कर्व्ह-फिट या वक्र बसवणाऱ्या फंक्शनला दिले आणि सुरुवातीचे अंदाज दिले नाहीत, तर भलतेच उत्तर येऊ शकते. एक्सेलचा लॉग दहाच्या पायाचा, नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचा लॉग नैसर्गिक; दोन्हींत २.३०३ पटींचा फरक. दोन्हीकडे ये-जा करणाऱ्याला हा २.३०३ चा घोळ कधी ना कधी भेटतोच. एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये ठेवून, एककांचा मेळ न घालताच गिब्ज ऊर्जा काढायला निघालात, तर दोघांपैकी कोणीही तुम्हाला अडवणार नाही.

प्रॅक्टिकलचे शेवटचे दोन-चार प्रयोगच उरले असतील आणि पुढे हा विषय घ्यायचा नसेल, तर एक्सेल सोडायचे काही कारण मला दिसत नाही. पुढे स्पेक्ट्रा, गतिकी, कॉम्प्युटेशनल असे काही करायचे मनात असेल, तर मी पायथनकडे झुकेन. सुरुवातीला वरचा पाण्याचाच प्रश्न घ्या. नमपाय आणि आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब एवढ्यावर तो पुरा होतो. उत्तर ४३ च्या आसपास आले नाही, तर आधी केल्विन तपासा.