कुडोके २ घ्यावं की हाब्रिंगचं एर्विन?

मोठ्या कंपन्या सोडून स्वतःच्या नावाने घड्याळं बनवणाऱ्या स्वतंत्र घड्याळजींकडे वळलं आणि खिशाला जरा लगाम असला, की ही दोन नावं समोर येतातच. एक जर्मनीचे स्टेफान कुडोके, दुसरं ऑस्ट्रियातलं मारिया आणि रिचर्ड हाब्रिंग हे जोडपं. जिनिव्हाच्या ग्रां प्री या घड्याळांच्या स्पर्धेतला ‘पेटिट एग्वी’ पुरस्कार दोघांकडेही आहे. हाब्रिंगना तो २०१५ मध्ये त्यांच्या फेलिक्स या घड्याळासाठी मिळाला, कुडोकेंना २०१९ मध्ये कुडोके २ साठी. कुडोकेंचं कॅलिबर १, म्हणजे घड्याळाच्या आतलं मशीन, घडलं तेच हाब्रिंगच्या मदतीने, त्यामुळे ‘मशीन कोणाचं भारी’ या वादात फार वेळ घालवू नका. दोन्हींना हाताने चावी द्यावी लागते.

दिसण्यात कुडोके २ पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. माटुंग्याच्या एका मित्राने त्याचं घड्याळ शनिवार-रविवार माझ्याकडे ठेवलं होतं. बाराच्या खाली फुगीर चकतीवर हाताने कोरलेले सूर्य, चंद्र, तारे. चोवीस तासांत एक फेरी. संध्याकाळी गॅलरीत बसून मी वेळ न बघता नुसती ती चकती बघत होतो. मागच्या बाजूचं कोरीवकामही तसंच. त्यापुढे एर्विन साधं वाटतं, मागूनसुद्धा नीटनेटकं, पण नजर खिळवणारं नाही. बघत बसायलाच घड्याळ हवं असेल, तर तुमचं उत्तर बहुधा इथेच मिळालं.

माझं अडलं ते सेकंद काट्यापाशी. कुडोके २ ला तो नाही. तबकडी शांत राहावी म्हणून मुद्दामच ठेवलेला नाही, आणि ती खरोखर शांत दिसते. पण माझ्याकडे पूर्वी असंच सेकंद काटा नसलेलं, चावीचं एक जुनं घड्याळ होतं. एका रविवारी चावी द्यायची राहिली. सोमवारी सकाळी त्यात सात पस्तीस झाले होते. मी निवांत चहा घेतला आणि मुलुंड स्टेशनवर पोचलो तेव्हा माझी फास्ट कधीच गेलेली होती. घड्याळ आदल्या संध्याकाळीच थांबलं होतं. फोर्टमधल्या बैठकीला मी सगळ्यांच्या शेवटी पोचलो. तेव्हापासून मनगटाकडे पाहिलं की आधी काही हलतंय का ते बघतो. कानाला लावून बघावं म्हटलं, तर लोकलमधल्या पंख्यांच्या घरघरीत टिकटिक कुठली ऐकू येणार?

एर्विनचा सेकंद काटा मध्यावर आहे आणि सेकंदाला बरोबर एक पाऊल टाकतो. आतलं बॅलन्स व्हील, म्हणजे वेळेचा ताल धरणारं झुलतं चाक, तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ. कान आठ ऐकतो, डोळा एक बघतो. रात्री उशाशी ठेवल्यावर ही गंमत मला अजूनही जागं ठेवते. रिचर्ड हाब्रिंग यांनी पूर्वी आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीसाठी व्हॅलजू ७७५० या नेहमीच्या मशीनवर दुहेरी सेकंद काट्याचं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) उभं केलं होतं, ते १९९२ मध्ये आलं. किचकट गोष्ट साध्या रीतीने करायची तीच वृत्ती मला इथे दिसते.

एक गोष्ट मात्र खुपू शकते: काटा असा थांबत थांबत चालताना पाहून लोक विचारतात, “सेलवर चालणारं आहे का?” एवढे पैसे मोजल्यावर हा प्रश्न सोसणार नसेल, तर विचार करा. मला तो फारसा लागत नाही.

बाकी हिशोब कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरूनच करा. मोठ्या दुरुस्तीसाठी कुठलंही घेतलंत तरी ते बनवणाऱ्याकडे पाठवायची तयारी ठेवा. चामडी पट्टा जून ते सप्टेंबर कपाटात, हे मुंबईत वेगळं सांगायला नको.

आणि हो, कुडोके १ ला छोटा सेकंद काटा आहे. पण मग बाराखालचं ते आकाश जातं, आणि माझ्या मते कुडोके घ्यायचं ते त्या आकाशासाठीच. ते सोडायचंच होतं, म्हणून मी एर्विन घेतलं.