शास्त्रज्ञांच्या कार्डांची पेटी घ्यावी का? वापरून झाल्यावरचं माझं मत

सातवीतल्या भाच्यासाठी नागपुरात बर्डीवरच्या एका पुस्तकाच्या दुकानातून जगातल्या थोर बुद्धिवंतांच्या कार्डांची पेटी घेतली, साडेचारशे रुपये, मराठीत दिसली म्हणून लगेच उचलली कारण असलं काही मिळालं तर इंग्रजीतच मिळतं. समोर चित्र, मागे माहिती. कार्डं जाड आहेत, लॅमिनेशन मस्त, पोरांनी इतकी हाताळली तरी कोपरे दुमडले नाहीत. पेटीचं झाकण मात्र अगदीच पातळ, आमचं फाटलं, आता रबर लावून ठेवतो.

आधी चांगलं सांगते. यात जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरचं कार्ड असेल असं मला वाटलंच नव्हतं. चित्रात पुढे गव्हाचं शेत आणि त्यामागे गॅस मास्क घातलेले सैनिक. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची रीत यानं काढली, आजचा युरिया त्याच अमोनियातून येतो, त्यासाठी १९१८ चं नोबेल मिळालं, आणि २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्यानं क्लोरीन वायू सोडला तेव्हा त्या कामावर देखरेख करायला हाच माणूस तिथं हजर होता. दोन्ही गोष्टी एकाच कार्डावर, काही झाकलेलं नाही. भाचा वाचून विचारून राहिला, मावशी, हा चांगला होता का वाईट? मी म्हटलं तूच सांग. तेवढ्यात बाबा म्हणाले, अरे आपल्या काटोलच्या शेतात युरिया पडतो तो पण त्याच्याच डोक्यातून आला ना. ताटं वाळून गेली पण वाद संपला नाही.

मग मी मुद्दाम त्याच्या बाजूला मेरी क्युरीचं कार्ड ठेवलं. तेच महायुद्ध, तीच वर्षं. या बाईनं एक्स-रे मशीन गाडीत बसवून आघाडीजवळच्या दवाखान्यांपर्यंत नेलं, जखमी सैनिकाच्या अंगात गोळी नेमकी कुठे अडकली ते डॉक्टरला दिसावं म्हणून, आणि मदतीला तिची मुलगी इरेन, तेव्हा जेमतेम १७ वर्षांची. त्याआधी रेडियम वेगळं काढायच्या पद्धतीचं पेटंटसुद्धा क्युरी नवराबायकोनं घेतलं नव्हतं. मला अशा पेटीकडून हेच पाहिजे होतं. डोकं तल्लख होतं हे तर सगळेच सांगतात, त्या डोक्याचं त्यांनी केलं काय ते सांगा ना. विजेवर संशोधन करणाऱ्या फॅराडेचं कार्डही असंच भारी, लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधायच्या दुकानात शिकाऊ, रसायनशास्त्रज्ञ डेव्हीची लेक्चरं ऐकून टिपणं काढली आणि स्वतःच बांधून त्यालाच पाठवली, आणि पुढे एवढं नाव झाल्यावर लहान मुलांसाठी ख्रिसमसची व्याख्यानं स्वतः उभं राहून दिली.

आता जिथं राग आला ते. रामानुजनच्या कार्डावर काय, तर जन्मजात प्रतिभा आणि देवी स्वप्नात सूत्रं सांगायची. बस. ते स्वतः तसं म्हणायचे हे खरं आहे, पण कागद परवडत नव्हता म्हणून पाटीवर गणितं करायचे, कोपरानं पुसायचे आणि फक्त उत्तर वहीत उतरवायचे, मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपये महिन्यावर कारकुनी करत होते आणि तिथूनच जानेवारी १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या गणितज्ञ हार्डीला पत्र लिहिलं, यातलं एक अक्षर नाही. भाचा म्हणतो, मला तर असं स्वप्न पडत नाही, मग मला गणित कसं येणार. बघा, पोराच्या डोक्यात काय गेलं!

रमण यांच्या कार्डात तर चक्क चूक आहे, त्यांच्या प्रकाशाच्या शोधाचं, म्हणजे रमण परिणामाचं, वर्ष १९३० छापलंय. १९३० ला नोबेल मिळालं, शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा, म्हणून तर त्या तारखेला विज्ञान दिन असतो. आणि नागपूरकर म्हणून जास्त लागलं ते हे की रमण सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते, रंगूनहून बदली होऊन १९१० मध्ये आपल्या नागपुरात आले होते, त्याचा उल्लेखच नाही. कलकत्त्यात तर ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर बऊबाजारच्या प्रयोगशाळेत बसायचे, आणि १९१७ मध्ये कमी पगार घेऊन प्राध्यापक झाले. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात आपण पोरांना दर सुट्टीत नेतो, त्यांना हे माहीत नको का?

बाबासाहेबांच्या कार्डावर फक्त घटनेचे शिल्पकार. ते इथल्या बालवाडीतल्या पोट्ट्यालाही पाठ आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, १९२३ ला तो पुस्तक म्हणून आला, एवढ्या पदव्यांवर आरामात जगता आलं असतं पण परत येऊन १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, हे कोण सांगणार? दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे एवढे स्टॉल लागतात, लिहिणाऱ्यानं तिथं एक चक्कर मारली असती तरी कार्ड भरून उरलं असतं. बायका पण फारच थोड्या, आनंदीबाई जोशींना जागा नाही याचं वाईट वाटलं.

तरी पाचात साडेतीन देईन, अर्धं कार्डांच्या जाडीचं आणि बरंचसं हाबर-क्युरीचं. वय १० च्या पुढे द्या, आणि पोराच्या हातात देऊन मोकळं होऊ नका, सोबत बसा, आम्ही चुकीचं वर्ष मार्करनं खोडून बरोबर लिहिलं आणि राहिलेली माहिती वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून मागे चिकटवली, ते काम भाच्यानं फार मनापासून केलं. दुकानदार भला माणूस आहे, काउंटरवर एक पेटी उघडी ठेवतो, घ्यायच्या आधी पाच-सहा कार्डं वाचून घ्या, काही म्हणत नाही.