माइकसाठी ड्राय कॅबिनेट, काही महिन्यांनंतर: कपाट दमदार, डिस्प्ले बिनभरवशाचा

डिस्प्लेवर ४५ टक्के आर्द्रता दिसतेय आणि त्याच कपाटातून काढलेला मोठ्या डायफ्रॅमचा (आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पडद्याचा) कंडेन्सर माइक हेडफोनमध्ये तडतडतोय, हे मला सहन झालं नाही. नेमकं हेच टाळायला ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट, घेतलं होतं. किती लिटरचं, कप्पे किती, कुलूप आहे का, ही माहिती कुठेही मिळेल, त्यात जात नाही.

दमट हवेतली तडतड एकदा ऐकली की विसरत नाही. फँटम (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) दिल्यावर थोडा वेळ सगळं ठीक असतं, मग एखादा ‘फट्’ येतो, मग तापल्या तव्यावर थेंब पडावेत तसा आवाज सुरू होतो. कॅप्सूलमधला, म्हणजे माइकच्या आवाज टिपणाऱ्या भागातला, डायफ्रॅम जेमतेम काही मायक्रॉन जाड असतो आणि मागची प्लेट त्याच्यापासून काही दशांश मिलिमीटरही लांब नसते. बऱ्याच माइकांत त्या दोघांमध्ये ६० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि पुढच्या सर्किटचा रोध गिगाओहममध्ये मोजावा लागतो. एवढ्या मोठ्या रोधापुढे ओलसर धुळीचा पातळ थरसुद्धा विजेला वाट करून देतो. चार्ज गळतो आणि ते गळणं आपल्याला ऐकू येतं. म्हणजे बहुतेक वेळा कॅप्सूल बिघडलेली नसते, ती ओली असते. माझा माइक सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवला आणि तडतड साफ गेली. साध्या डब्याला जमलं ते कपाटाला का जमलं नाही, हा प्रश्न मग डोक्यातून जाईना.

एक वेगळा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, घेतला. त्याच्यावरही आंधळा विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून आधी मिठाची चाचणी. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं आणि थेंबथेंब पाणी घालायचं. मीठ भिजलेलं दिसलं पाहिजे, पण विरघळून जाता कामा नये आणि वर पाणी तरंगता कामा नये. ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत शेजारीशेजारी ठेवून पिशवी बंद करायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. खोलीच्या तापमानाला आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझ्या मीटरने ७३ दाखवले. दोन मिळवायचे, हिशेब संपला.

तो मीटर खालच्या कप्प्यात, माइक असतात तिथे ठेवला. दोन मिळवून ६१. बाहेर डिस्प्लेवर ४५. वरच्या कप्प्यात पन्नाशीच्या आत. सेन्सर कुठे आहे ते शोधलं तर वर मागच्या बाजूला, कोरडी हवा जिथून आत येते त्या झडपेच्या अगदी तोंडाशी. आत पंखा नाही. म्हणजे यंत्र आपल्याच तोंडासमोरची हवा मोजतं, ४५ झाले म्हणून स्वस्थ बसतं आणि खाली माइक दमट हवेत पडून राहतात.

तक्रार केली. फोनवर उत्तर मिळालं, ‘मॅडम, डिस्प्लेवर आकडा येतोय ना? मग मशीन ओके आहे.’ दोन्ही आकड्यांचा फोटो पाठवला, तर बाहेरचा मीटर कंपनी ग्राह्य धरत नाही. शेवटी तंत्रज्ञ आले. त्यांनी स्वतःचा मीटर काढला, सेन्सरला चिकटवून धरला, दोन्ही आकडे जुळले आणि ते निघाले. खालच्या कप्प्यात मोजा म्हटलं तर ‘तसा प्रोसिजर नाही’. संध्याकाळी तक्रारीचे निवारण झाल्याचा मेसेज. संताप येणार नाही तर काय!

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं लिहिणार होते. मग दाराकडे लक्ष गेलं. कागदाची पट्टी दारात अडकवून दार बंद केलं आणि ओढून पाहिली. तीन बाजूंना पट्टी घट्ट धरली जात होती. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र ती अलगद बाहेर आली. तिथली रबरपट्टी आत दुमडली होती. हेअर ड्रायरच्या कोमट हवेने ती मऊ केली, बोटाने सरळ केली, थंड होईपर्यंत दाबून धरली. आठवड्याभरात खालचा कप्पा ५० वर आला आणि तिथेच आहे.

त्यामुळे यंत्राबद्दलचं मत पूर्ण बदललं. कोपऱ्यातून सतत दमट हवा आत येत असतानाही ते वरचा कप्पा कोरडा ठेवत होतं. आतला शोषक ठोकळा ओल धरतो, मग आतली झडप मिटते, बाहेरची उघडते आणि हीटर ती ओल मागून बाहेर टाकतो. आवाज अजिबात नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असतानाही ते खोलीत राहू शकतं. डिस्प्लेवरचा राग मात्र वाढला. खालच्या कप्प्यातला खरा आकडा समोर असता तर फट पहिल्याच आठवड्यात कळली असती. सेन्सर चार बोटं खाली सरकवायला असा काय खर्च येतो?

आता कंडेन्सर आणि रिबन प्रकारचे माइक आत असतात. रिबनची अॅल्युमिनियमची पट्टी इतकी पातळ असते की गंजायला वेळ लागत नाही. डायनॅमिक प्रकारचे माइक बाहेरच, त्यांच्यासाठी जागा अडवण्यात अर्थ नाही. सेटिंग ४५. काही जण ३० च्या खाली नेतात, ते करू नका, शॉक माउंटचे (माइकला धक्क्यांपासून वाचवणाऱ्या टांगणीचे) इलॅस्टिक आणि रबर सुकून चिरतात. माइक त्याच्या पेटीसकट आत ठेवू नका, कारण पेटीतला फोम ओल धरून बसतो आणि जुना झाला की चिकट होऊन त्याचे कण सुटतात. ते कण जाळीतून आत गेले तर साफ करणं आपल्या हातचं नाही.

पाणी जमा करणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे माइकजवळ नकोतच. डबा कलंडला की खारं पाणी थेट धातूवर. प्रवासात सिलिका जेल बरं, तेही नारिंगीचं हिरवं होणारं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळलेलं चांगलं. रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येतं.

कपाट एका गोष्टीपुढे हतबल आहे. एसीच्या खोलीत २३ अंशांना थंड झालेला माइक ३० अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडलात, तर त्या हवेचा दवबिंदू २६ च्या आसपास असल्याने माइकवर थेट पाणी धरतं. बंद पिशवीतच त्याला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

पुन्हा घ्यायचं झालं तर याच प्रकारचं घेईन, फक्त पैसे देण्याआधी चारही कोपऱ्यांत कागदाची पट्टी ओढून बघेन. मी सरळ केलेली रबरपट्टी सध्या धरून आहे, पण किती दिवस टिकेल याची खात्री वाटत नाही. नवी पट्टी वॉरंटीत बदलून द्या, अशी तक्रार पुन्हा टाकली आहे आणि या वेळी खालच्या कप्प्यातला आकडा तंत्रज्ञाकडून लिहून घेतल्याशिवाय सही करणार नाही.