भामिनी कोणाची, नटाची की नटीची?

‘मानापमान’ या संगीत नाटकाची नायिका भामिनी आज नटाने करावी की नटीने? 1921 च्या, दोन नाटक मंडळींनी मिळून केलेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्व भामिनी होते, केशवराव भोसले नायक धैर्यधर. तेव्हा घरंदाज बाईने रंगभूमीवर येणं समाजाला खपत नसे. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या आणि चित्र पालटू लागलं.

आज नटी घेतली की दिसणं, वावर आपसूक जुळतो. अडचण पेटीवर कळते: तिची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारसूर, काळी चार (पेटीची चौथी काळी), नायकाची काळी एक. द्वंद्वगीतात एकाला खर्ज, म्हणजे खालचे सूर, लागत नाही, नाहीतर दुसऱ्याचा आवाज वर चिरकतो. नट घेतला तर पट्टी जुळेल, पण नऊवारीतला डौल आता शिकवणार कोण?

माझं मत गळ्याला, मग तो नटाचा असो की नटीचा. नुसता हशा पिकवायला पुरुषाला लुगडं नेसवणार असाल तर मात्र नको. धैर्यधर बाईने केला, तरी मी तिकीट काढेन.