निकॉन एफ की कॅनन ईएफ: आपल्याकडे असलेल्या लेन्सेसप्रमाणे फुल-फ्रेम बॉडी कशी निवडावी

नवी फुल-फ्रेम बॉडी, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला, लेन्सशिवायचा कॅमेरा घेताना सहसा मेगापिक्सेल आधी पाहिले जातात. पण ज्याच्याकडे पाच-सात लेन्सेस आधीच आहेत, त्याने आपल्या प्रत्येक लेन्सला फोकस फिरवण्यासाठी आणि ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे लेन्समधील छिद्र) मिटवण्यासाठी बॉडीकडून नेमके काय लागते, हे प्रथम तपासावे.

कॅननच्या बाबतीत हे उत्तर सोपे आहे. १९८७ मध्ये एफडी माउंट (लेन्स बॉडीला जोडण्याची कडी) सोडून ईएफ माउंट आणला, तेव्हाच कॅननने फोकसची मोटर लेन्समध्ये बसवली आणि ॲपर्चरही विद्युत संदेशावर चालवले. त्या वेळी एफडी लेन्सेस बाळगणाऱ्यांचे नुकसान झाले, परंतु आज त्याच निर्णयाचा लाभ मिळतो: ईएफचे फ्लँज अंतर, म्हणजे माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर, ४४ मिमी आणि ईओएस आर मालिकेच्या नव्या आरएफ माउंटचे २० मिमी असल्यामुळे दोहोंना जोडणाऱ्या अडॅप्टरला केवळ २४ मिमीची पोकळी भरून संदेश पुढे पोचवायचे असतात. ईएफ लेन्सेस असणाऱ्याने, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरची (आरशातून थेट दृश्य दाखवणाऱ्या खिडकीची) ओढ नसेल तर, निःशंकपणे ईओएस आर मालिकेतील मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी घ्यावी. मात्र आरपी आणि आर८ या बॉडींमध्ये सेन्सर हलवून कंप रोखण्याची सोय नाही, हे ध्यानात ठेवावे.

निकॉनने १९५९ पासून एफ माउंटचा आकार कायम राखला, पण आतील यंत्रणा वेळोवेळी बदलली, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. एएफ-एस लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, त्यामुळे एफटीझेड अडॅप्टर लावून ती निकॉनच्या मिररलेस झेड मालिकेच्या बॉडीवर ऑटोफोकससह चालते. एएफ-डी लेन्सला मात्र बॉडीतील मोटर एका लहान दांड्याने फिरवते. एफटीझेडमध्ये ती मोटर नाही, म्हणून अशी लेन्स झेड बॉडीवर हातानेच फोकस करावी लागते. ज्याचा संग्रह मुख्यतः एएफ-डीचा आहे आणि ज्याला हलत्या माणसांची छायाचित्रे घ्यायची आहेत, त्याच्यासाठी ती मोटर असलेली डी७८० किंवा डी८५० ही डीएसएलआर (आरसा असलेली) बॉडीच योग्य आहे, मग झेड कितीही नवी असो.

हाताने फोकस करायच्या एआय आणि एआय-एस (साधारण १९७७ पासूनच्या जुन्या) लेन्सेसबाबत माझा कौल उलट, झेडच्या बाजूला जातो. डी८५०मध्ये फोकल लेन्थ आणि कमाल ॲपर्चर नोंदवले की पूर्ण उघड्या ॲपर्चरवर प्रकाश मोजता येतो, तर झेडवर ॲपर्चर मिटलेल्या अवस्थेतच मोजणी होते. तरीही आजच्या डीएसएलआरचा फोकसिंग स्क्रीन (व्ह्यूफाइंडरमध्ये प्रतिमा जिच्यावर उमटते ती काच) ऑटोफोकससाठी बनवलेला असल्याने एफ/१.४ची, म्हणजे खूप मोठ्या ॲपर्चरची, लेन्स त्यावर नेमकी फोकस करणे कठीण जाते. झेडच्या व्ह्यूफाइंडरमध्ये तोच भाग मोठा करून पाहता येतो, शिवाय फोकल लेन्थ नोंदवली की सेन्सरचे कंपनियंत्रण या जुन्या लेन्सलाही मिळते. एआयपूर्वीची, म्हणजे साधारण १९७७ च्या आधीची, नंतर एआयसाठी बदल न केलेली लेन्स डी७८० वा डी८५० वर मुळीच चढवू नये, कारण माउंटभोवतीचा, लेन्सच्या ॲपर्चरची स्थिती बॉडीला कळवणारा एआय खटका तुटू शकतो. निकॉन डीएफ या डीएसएलआरमध्ये तो खटका दुमडता येतो.

लहान सेन्सरसाठीच्या डीएक्स लेन्सेस फुल-फ्रेम बॉडीवर चालतात, पण चित्र दीडपटीने छाटले जाते: डी८५०च्या ४५.७ मेगापिक्सेलपैकी सुमारे १९ उरतात, २४.५ मेगापिक्सेलच्या डी७८०वर जेमतेम १०. कॅननच्या ईएफ-एस लेन्सेस जुन्या फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. ईओएस आर बॉडीवर अडॅप्टरने बसतात, तेथेही १.६ पट छाटणी होते. अशाच लेन्सेस अधिक असतील, तर फुल-फ्रेम बॉडीचा खर्च तूर्त टाळून आधी त्यातील एखाददुसरी लेन्स बदलावी, असे मी सुचवेन.