आईचं मोबाईलवरचं शेत आणि ते बनवणारी सुपरसेल कंपनी : माझा रिव्ह्यू

हे डे (Hay Day) हा शेतीचा गेम आमच्या घरात 2014 पासून आहे. एवढी वर्षं एकच गेम टिकतो म्हणजे बनवणाऱ्यांनी काहीतरी नीट केलंय, म्हणून आज गेम आणि कंपनी दोन्हीबद्दल सविस्तर लिहितोय. मी नाशिकला इंदिरानगरला राहतो, तिथल्याच अंबडला नोकरी, मूळ गाव निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग आणि कांदा. हे मुद्दाम सांगतोय कारण खेळणारा मी कमी आणि आई जास्त.

2014 च्या मार्चमधे गारपिटीत आमची बाग झोपली, तेव्हा आई महिनाभर माझ्याकडे येऊन राहिली. गावाकडे सकाळी सहापासून हाताला काम असणारी बाई, इथे नुसती गॅलरीत बसून रस्ता बघायची, मला बघवत नव्हतं. टॅबवर हा गेम लावून दिला तिला. सुरुवातीलाच गहू उभा असतो, त्यावर बोट टेकवलं की विळा येतो आणि विळा ओढत नेला की सरसर कापणी होते. आईला इंग्लिश वाचता येत नाही पण विळा कळला. दहा मिनिटांत तिने सगळे वाफे कापून परत पेरले पण, मी काही शिकवलं नाही.

गेमची रचना सांगतो, ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी. गहू दोन मिनिटात येतो, मका पाच, सोयाबीन वीस, ऊस अर्ध्या तासात. एक पेरलं की दोन मिळतात. दोन गहू आणि एक मका दिला की कोंबड्यांचं तीन वेळचं खाद्य तयार होतं, मग अंडी, मग बेकरीत पाव, असं एकातून एक वाढत जातं. नवीन माणूस फसतो कुठे तर हातातलं सगळं धान्य विकून बसतो आणि पेरायला काहीच उरत नाही, मीच दुसऱ्या दिवशी हे केलं. आईने नाही केलं. ती पहिल्या दिवसापासून बियाण्याचा गहू बाजूला काढून मगच बाकीचा विकायची. आणि यातलं पीक वाळत नाही, दोन दिवस फोन हातात नाही घेतला तरी जसं सोडलं तसं उभं असतं, गारा नाहीत, करपा, डावण्या असले द्राक्षाचे रोग नाहीत. हे वाचायला साधं वाटेल पण त्या महिन्यात तिला याचा किती आधार होता ते मी डोळ्यांनी बघितलंय.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रस्त्याकडेचं दुकान. सातव्या लेव्हलला ते उघडतं. त्यात आपला माल ठेवायचा आणि भाव आपण टाकायचा, वरची मर्यादा असते पण त्याच्या आत कमी जास्त आपल्या हातात, जगातला कुठला तरी खेळणारा येऊन घेऊन जातो. आईने पहिल्यांदा अंडी ठेवली तेव्हा ते प्लस मायनसचं बटण दाबता दाबता थांबली आणि मला म्हणाली, "अरे, भाव मी टाकायचा?" मी म्हटलं हो, तूच टाकायचा. ती बराच वेळ तशीच बघत राहिली. ज्यांनी पहाटे ट्रॅक्टर जुंपून ट्रॉली बाजार समितीत नेलीये, लिलावात व्यापारी मूठभर कांदा उचलून बघतो आणि आकडा बोलून पुढच्या ट्रॉलीकडे जातो हे वर्षानुवर्षं बघितलंय, त्यांना तिचं ते थांबणं लगेच कळेल. फिनलंडमधे बसून ज्यांनी हे बटण बनवलं त्यांना निफाडच्या बाईचा विचार नक्कीच नसेल आला, तरी मी त्यांचा आभारी आहे.

मग मला उत्सुकता लागली की हे लोक कोण. सुपरसेल, 2010 ला सुरू झालेली कंपनी, सुरू करणारे इल्का पानानेन आणि अजून पाच जण. पहिला गेम गनशाइन, तो मोबाईलवर नव्हताच, कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर होता. तो बरा चालला होता, तरी त्यांनी ठरवलं की पुढचा काळ टॅब आणि मोबाईलचा आहे आणि 2012 ला तो बंदच करून टाकला. त्याच वर्षी जूनमधे हे डे आणि ऑगस्टमधे क्लॅश ऑफ क्लॅन्स, दोन्ही आधी ॲपलवर. आमच्यासारख्या अँड्रॉइडवाल्यांना 2013 च्या शेवटी मिळाले. ऑक्टोबर 2013 ला जपानच्या सॉफ्टबँक आणि गंगहोने 51 टक्के हिस्सा दीड अब्ज डॉलरला घेतला, तेव्हा यांचे चालू गेम किती होते? दोन! 2016 ला चीनच्या टेन्सेंटने मित्रकंपन्यांबरोबर 84.3 टक्के घेतला, 8.6 अब्ज डॉलर. तोपर्यंत गेम चार झाले होते, बूम बीच आणि क्लॅश रॉयल धरून, माणसं साधारण 180 आणि रोज खेळणारे 10 कोटी. आमच्या अंबडच्या कंपनीत एका शिफ्टला याच्यापेक्षा जास्त माणसं असतात. मधे बरीच वर्षं त्यांचं ऑफिस हेलसिंकीत जिथे आधी नोकियाचं रिसर्च सेंटर होतं त्या बिल्डिंगमधे होतं, हे वाचून मला एकदम भारी वाटलं कारण माझा पहिला फोन नोकियाच, त्याच्यावर साप खेळत वाढलो आपण सगळे.

वाढीचं कारण मला जे वाटतं ते सांगतो. कंपनीत छोट्या छोट्या टीम आहेत, त्यालाच ते सेल म्हणतात, आणि गेम बंद करायचा निर्णय वरचा साहेब नाही घेत, ती टीमच घेते. स्मॅश लँड, रश वॉर्स, हे डे पॉप, एव्हरडेल असे कितीतरी गेम त्यांनी थोड्या देशात चालवून बघितले आणि मोडून टाकले. गेम मोडला की शॅम्पेन उघडतात, शिकलो म्हणून. मला हे सुरुवातीला पटलंच नाही, एवढ्या मेहनतीचं काम कोण असं टाकतं? आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "फेलफूट काढतायत रे ते." ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर घड नसलेल्या फुटी येतात त्या काढाव्याच लागतात, नाहीतर अन्न तिकडे जातं, आणि नंतर घडातले मणी पण विरळावे लागतात तेव्हा राहिलेल्या मण्याला फुगवण येते. आईने तीस वर्षं हातात कात्री धरून हेच केलंय, तिच्या अंगठ्याजवळ अजून घट्टा आहे. नवीन माणसाचा हात चालत नाही, हिरवा चांगला मणी कापताना जीव तुटतो त्याचा. पण जो कापत नाही त्याचा माल एक्स्पोर्टला जात नाही. मला वाटतं सुपरसेलचं सगळं यश या कात्रीत आहे. जे ठेवलं त्याला मग खत पाणी पण तसंच घातलं, हे डे ला आजही अपडेट येतात. ब्रॉल स्टार्स हा त्यांचाच 2018 चा गेम, तो 2024 ला परत जोरात उसळला आणि त्या वर्षी कंपनीची कमाई 2.8 अब्ज युरोपर्यंत गेली.

आता पैशाचं. गेम फुकट आहे, कंपनी कमावते ती हिऱ्यांवर. वेळ वाचवायला, कमी पडलेला माल भरून काढायला हिरे लागतात आणि ते विकत मिळतात. आम्ही आजपर्यंत एक रुपया घातलेला नाही आणि आई शंभरच्या पुढच्या लेव्हलला आहे, फक्त थांबायची तयारी पाहिजे. कोठारं भरतात, ती वाढवायला खिळे, फळ्या, स्क्रू जमवावे लागतात, त्यात आठवडे जातात. ज्यांना थांबणं जमत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. पूर्वी एका दुसऱ्याच शेतीच्या गेममधे, नाव नाही घेत, भाच्याने खेळता खेळता 1,400 रुपये उडवले होते, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक फोनवर प्ले स्टोअरमधे खरेदीला पासवर्ड लावलाय. लहान मुलं असतील तर कुठलाही गेम टाकायच्या आधी हे करा, प्लीज करा.

तोच भाचा आता इथेच इंजिनिअरिंगला आहे, मित्रांबरोबर एक गेम बनवतोय, बैलगाडा शर्यतीचा. परवा आला होता, त्यात पंचवीस फीचर होते, शर्यत, बाजार, बैल सजवणं, यात्रा, सगळंच. आईने टॅब घेऊन शांतपणे खेळून बघितला, बैल हाकायला बोट कसं फिरवायचं ते तिला दोनदा विचारावं लागलं. मग त्याला म्हणाली, "बाळा, बैल पळतो तेवढंच ठेव आधी." तो थोडा नाराज झाला, पण काल रात्री फोन आला की यात्रा आणि बाजार काढून टाकलाय.

माझ्याकडून हे डे ला पाच पैकी साडेचार. अर्धा कापला कारण पुढच्या लेव्हलला मशीनची गर्दी एवढी होते की छोट्या स्क्रीनवर वयस्कर माणसाला बोट नेमकं टेकवणं अवघड जातं, शक्य असेल तर टॅबवरच खेळा. आणि नाशिक निफाडकडचे कोणी खेळत असाल तर सांगा, आमच्या नेबरहुडमधे, म्हणजे गेममधल्या खेळाडूंच्या गटात, तीसपैकी चार जागा रिकाम्या आहेत, मंगळवारी डर्बी, म्हणजे गटागटांची कामं पूर्ण करायची स्पर्धा, सुरू होते आणि आईला कामं न सोडणारी माणसं पाहिजेत.